आठ बिऱ्हाडांची चाचणी

बाबा गेले त्या दुपारी माझ्या पिशवीत प्रोजेक्टरवर दाखवायच्या फिल्म होत्या आणि त्या दुमडू नयेत म्हणून मी ती पिशवी कोणाच्याच हातात देत नव्हते. डोंबिवलीला कोपर रोडवरच्या आमच्या इमारतीत जिन्यापासून माणसं उभी होती. चुलतभाऊ तुळस शोधत होता, कोणी तांब्या मागत होतं आणि मी पिशवी काखेत धरून या खोलीतून त्या खोलीत जात होते. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी ती माझ्या काखेतून काढून घेतली आणि कपाटावर सपाट ठेवली.

"तुझ्या घंटीचंच आहे ना यात?" त्या म्हणाल्या. "मग वर असू दे. पाय लागायला नको कुणाचा."

बाबा जेवून पेपर वाचत पडले होते, ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी तेव्हा वागळे इस्टेटमध्ये माझ्या टेबलाशी त्याच फिल्मवर रंगीत पेनाने आलेख काढत होते.

मी ज्या कंपनीत नोकरी करत होते ती, निनाद इलेक्ट्रिकल्स, दारावरच्या घंट्या बनवायची. साल चौऱ्याण्णव. बाहेरच्या देशांतल्या गाणाऱ्या घंट्या दुकानांत दिसायला लागल्या होत्या आणि आमच्या ट्रिंग वाजणाऱ्या घंटीला कोण विचारणार, या धास्तीने धाकट्या शेठनी 'इनोव्हेशन सेल' काढायचं ठरवलं. दारावर पाटी आधी लागली, खुर्चीत बसायला माणूस नंतर शोधायला घेतला. नव्या कल्पना जमवायच्या, पारखायच्या, त्यातली एखादी बाजारापर्यंत न्यायची आणि हे सगळं वेगवेगळ्या खात्यांच्या नाकदुऱ्या काढत करायचं, असं ते काम. त्यासाठी आम्हा दोघांची नावं होती. एक मार्केटिंगचा कारखानीस, त्याच्या घंटीतून आरती वाजायची. दुसरी मी. दोघांनी समितीपुढे आपापली एक वस्तू कल्पनेपासून चाचणीपर्यंत मांडून दाखवायची आणि त्यावरून ती खुर्ची कोणाची ते ठरायचं.

मला ती खुर्ची हवी होती. त्यासाठी वर्षभर संध्याकाळचा व्यवस्थापनाचा डिप्लोमा केला होता. डिझाइन खात्याचे गुप्तेसाहेब मार्चमध्ये निवृत्त होणार होते. त्यांनी माझं नाव पुढे केलं होतं आणि शिकवणी घ्यावी तशी माझी तयारी करून घेत होते. "कल्पना सुचणं हा सर्दीसारखा प्रकार आहे," ते म्हणायचे. "कोणालाही होतो. ती कल्पना लोकांच्या हातांत देऊन खरं काय झालं ते परत घेऊन येणं, हे काम. ते कोणाला जमत नाही. तुला जमलंय."

माझी वस्तू म्हणजे पाण्याची घंटी. डोंबिवलीच्या त्या भागात नळाला पाणी पहाटे यायचं आणि पहाट म्हणजे नक्की कधी, ते पाण्यालाच ठाऊक. लोक नळ उघडा ठेवून त्याखाली पत्र्याचं घमेलं पालथं घालायचे. घमेलं वाजलं की उठायचं. पण घर दोन खोल्यांचं, माणसं बाहेरच्या खोलीत पंख्याखाली झोपलेली, मोरीचं दार बंद. घमेलं वाजून वाजून थकायचं आणि पाणी निघून जायचं. मी नळाच्या तोंडावर बसणारी एक प्लास्टिकची टोपी केली. आत एक पातळ पाकळी. पाणी आलं की पाकळी उचलली जायची आणि तिथून तार थेट घराच्या दारावरच्या घंटीला. वेगळी घंटी घ्यायला नको, असलेलीच वाजेल. शेठना ते फार आवडलं होतं, कारण त्यात खर्च नव्हता.

चाचणी बाबांच्या इमारतीत घेतली. बाबा, विश्राम टिपणीस, विमा कंपनीतून निवृत्त झालेले आणि बरीच वर्षं इमारतीचे सेक्रेटरी. आई गेल्यापासून एकटेच राहत. मी ठाण्याला टेंभी नाक्याजवळ, सासरी. रविवारी यायचे. आठ बिऱ्हाडांनी टोप्या बसवून घेतल्या त्या माझ्या नव्हे, बाबांच्या शब्दावर. त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, "आता घमेली उचला. घंटी उठवेल." सहा महिने दर रविवारी मी आठही घरी जाऊन विचारत असे आणि सगळीकडून एकच उत्तर. वाजते. मस्त वाजते. तिसऱ्या मजल्यावरचे बाबुराव, रेल्वेत गार्ड होते, ते जिन्यातूनच ओरडायचे, "मंदा, तुझ्या घंटीने पंचाईत केलीय हां! परवा पहाटे वाजली, आम्ही सगळे मोरीत बादल्या घेऊन उभे, आणि दाराबाहेर दूधवाला बोंबलतोय!"

ते हसणंही मी फिल्मवर घेतलं होतं. सूचना म्हणून, की आवाज दोन वेगवेगळे हवेत.

तर असं सगळं असताना बाबा गेले. समितीची बैठक होती ती शेठनी आपणहून पुढे ढकलली. तेराव्यानंतरच्या सोमवारी.

लग्न झालेल्या मुलीला सुतक तीनच दिवसांचं. मला ठाण्याला जाता आलं असतं. मी राहिले. नवरा, आनंद, बँकेतून सुटला की संध्याकाळी यायचा आणि सकाळी तिथूनच कामावर जायचा. घरात चूल पेटत नव्हती. विमलाबाई वरून पिठलं-भात पाठवायच्या. येणारे लोक बसायचे, बाबांचा चांगुलपणा सांगायचे, मध्येच घड्याळ बघायचे. मला बसवत नव्हतं. मी कपबशा विसळायचे, विसळलेल्या पुन्हा विसळायचे. दुपारी आतल्या खोलीत गुप्तेसाहेबांनी दिलेली पुस्तकं उघडायचे आणि त्याच पानावर असायचे. एका पानावर लिहिलं होतं की नवी वस्तू वापरणाऱ्याच्या सवयीशी भांडत नाही, ती सवयीच्या शेजारी जाऊन बसते. मी त्या वाक्याखाली रेघ मारून ठेवली आणि मग दिवसभर ते डोक्यात अर्थाशिवाय वाजत राहिलं. लोक गेले की आरशासमोर उभी राहून मांडणी म्हणून बघायचे. "सभ्य गृहस्थहो, घरात पाणी येतं तेव्हा आपण झोपलेले असतो." तिथेच अडायचे. बाबांसाठी की भीतीने, ते मला वेगळं करता येत नव्हतं.

पाहुणे पांगले त्यानंतरच्या सकाळी मी दार उघडलं तर बाबुराव दोन रिकाम्या कळशा घेऊन जिना उतरत होते. मला पाहून त्यांनी कळशा पाठीमागे घेतल्या. एवढ्या मोठ्या माणसाने, दोन पितळी कळशा.

"कुठे निघालात काका?"

"अगं, असंच. कोपऱ्यावरच्या विहिरीवर."

"पाणी आलं नाही?"

"आलं असेल." ते भिंतीकडे बघून बोलत होते. "आम्ही झोपलेलो."

"घंटी नाही वाजली?"

"आता सुतकात कसलं बोलायचं हे." मग त्यांना राहवलं नाही. "सगळ्यांच्याच बंद पडल्यात गं. टिपणीसकाका गेले त्या दिवसापासून. एकाही घरात वाजलेली नाही. आमची ही तर म्हणते, काकांबरोबर घंट्यांनी पण मौन धरलं. मी म्हटलं, येडी आहेस का! पण च्यायला, आठच्या आठ?"

बाबा गेल्यापासून रोज इमारतीचं पाणी चुकत होतं. दुःखाच्या घरात कोणाला बोलायचं नव्हतं म्हणून सगळे गुपचूप विहिरीवर जात होते आणि आमच्या घरी, जिथे पहाटे कोणी ना कोणी रडत जागं असायचं, तिथे पाण्याला घंटीची गरजच पडली नव्हती.

मी बाबांचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि आधी आमच्याच मोरीत गेले. नळाखाली पत्र्याचं जुनं घमेलं पालथं होतं. ते मी येऊन-जाऊन पाहिलं होतं, म्हाताऱ्या माणसाची सवय म्हणून सोडून दिलं होतं. टोपी काढली. आत पाकळी हलत नव्हती. तिच्यावर पिवळट तपकिरी थर, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. आमच्या पाण्यात लोखंड फार. कंपनीतल्या टाकीत मी जे पाणी वापरलं होतं ते गाळलेलं होतं.

मग बाबुरावांची काढली. मग विमलाबाईंची सोडून बाकीच्यांची. दारं उघडत होती, "ये ना, ये ना, आता कशाला घाई" म्हणत होती. मी मोरीत बसून टोप्या उघडत होते. सगळीकडे तेच. आणि तो थर आठ-दहा दिवसांचा नव्हता. थरावर थर होता. मी डिप्लोमा नसता केला तरी मला ते कळलं असतं. या पाकळ्या निदान चार महिने हलल्या नव्हत्या.

पण बाबा जायच्या आधीच्या रविवारी, आणि त्याच्या मागच्या, आठही घरांनी मला सांगितलं होतं की घंटी वाजते. मी पुन्हा विचारलं. नीट विचारलं. भिडेखातर सांगत होतात का? बाबुराव चिडले. "मी खोटं बोलेन? अगं कानांनी ऐकलीय! सणसणीत वाजायची. मी काय बहिरा आहे?" खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. शपथ घेऊन सांगते, वाजायची.

ते खरं बोलत होते. पाकळ्याही खोटं बोलत नव्हत्या. मी टोप्या ओच्यात घेऊन जिन्यात उभी राहिले.

विमलाबाईंकडे मी शेवटी गेले. त्या ओट्याशी भाकऱ्या थापत होत्या. मी मोरीकडे वळले तर म्हणाल्या, "ती नको काढूस. तीही तशीच असेल."

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "बस आधी."

मी उभीच राहिले.

"मला दमा. पहाटे मी बसूनच असते," त्या म्हणाल्या. "तू बसवून गेलीस, पंधरावीस दिवस वाजली चांगली. मग एका सकाळी निम्म्या इमारतीचं पाणी चुकलं. खालची ती, तान्हं मूल आहे तिचं, ती जिन्यात उभी राहून बडबड बडबड बोलली. काकांना उद्देशून नाही गं, अशीच, नशिबाला. पण काकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे माझी बेल वाजली. आम्ही भरलं पाणी. तिसऱ्या दिवशी वाजली तेव्हा मी दाराजवळच होते. उघडलं. तर हे! हातात टॉर्च, अनवाणी. चपलांचा आवाज नको म्हणून. बोट असं ओठांवर."

"बाबा."

"घमेलं वाजलं की उठायचे आणि वर चढत प्रत्येकाचं बटण दाबत जायचे. खाली येताना खालच्यांचं. घंटी वाजली की पहाटे दाराकडे कोण बघतंय, जो तो मोरीकडे धावतो. कुणाला कळायचं कारणच नाही. एकदा तेवढा त्यांच्या मागोमाग दूधवाला आला होता."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं त्यांना. म्हटलं, काका, मंदाला सांगा, ती दुरुस्त करेल. तर म्हणाले, वहिनी, माझ्या शब्दावर लोकांनी घमेली उचलली. त्यांचं पाणी चुकलं तर ते माझ्यामुळे. आणि तिची परीक्षा आहे, ती होऊ द्या. झाली की सांगतो." भाकरी करपायला लागली होती. त्यांनी ती हातानेच उचलली. "वर यायचे तेव्हा धाप लागायची त्यांना. माझ्या दाराशी क्षणभर कठड्याला धरून उभे राहायचे. मला आतून ऐकू यायचं."

हे त्यांनी का सांगितलं, कळत नाही. कदाचित त्यांनाही ते कोणाला तरी सांगायचं होतं. नंतर मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, रोज पहाटे तीन मजले चढणं. ते म्हणाले, त्याने झालं असंही म्हणता येणार नाही आणि नाही असंही नाही. मग म्हणाले, असले प्रश्न विचारू नयेत.

मला बाबांचा राग आला. पंधरवडा झाला नव्हता माणूस जाऊन आणि मी त्यांच्याच मोरीत बसून त्यांच्यावर चिडले होते. त्यांना वाटत होतं माझी परीक्षा सोमवारी समितीपुढे आहे. ही चाचणी हीच परीक्षा होती, ती त्यांच्या जिन्यात चालली होती, आणि त्यांनी माझा पेपर लिहून टाकला होता.

संध्याकाळी आनंद आला. मी त्याला गॅलरीत नेऊन सगळं सांगितलं. मग त्याच्यातला बँकेचा माणूस बोलला.

"तू प्रेझेंटेशन जसंच्या तसं कर."

"आनंद."

"अगं ऐक. लोकांनी सांगितलं वाजली, तू लिहिलंस वाजली. यात खोटं कुठाय?"

"प्रश्न असा होता की पाणी आल्यावर वाजली का."

"मग पाणी आल्यावरच वाजली ना! बाबांनी काय पाणी यायच्या आधी वाजवली?"

मला हसू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. तोही हसला आणि हसता हसता दोघांचेही डोळे भरले, मग आम्ही कठड्यावर कोपर टेकून खाली रिक्षावाल्यांचं भांडण बघत राहिलो.

"आणि दुरुस्ती तू नंतरही करशील," तो म्हणाला. "आधी खुर्ची तर मिळू दे. कारखानीसला मिळाली तर आयुष्यभर आरत्या वाजवत बसाल सगळे."

तो म्हणत होता ते वाईट नव्हतं. मी रात्रभर तेच स्वतःला म्हणून पाहिलं. सकाळी गुप्तेसाहेबांच्या घरी गेले, नौपाड्यात. नुकताच बाप गेलेली मुलगी दारात पाहून त्यांच्या पत्नी पाणी आणायला आत गेल्या. मी चौरंगावर वर्तमानपत्र पसरून त्यावर टोप्या मांडल्या आणि सांगितलं.

त्यांनी एक टोपी डोळ्यांजवळ नेली. काडीने पाकळी ढकलून पाहिली. "पाणी कुठलं वापरलं होतंस टेस्टला?"

"प्लांटचं."

"गाळलेलं."

"हो."

"मी सही केली होती त्याच्यावर." त्यांनी टोपी ठेवली. "तुझा बाप म्हणजे..." आणि तिथे ते थांबले. मला ते वाक्य पुरं ऐकायचं होतं. त्यांनी पुरं केलं नाही. उठून खिडकीपर्यंत गेले, परत आले. "मार्चला मी जातोय. मी तुझं नाव घातलंय त्या समितीपुढे. सगळ्यांच्या विरोधात घातलंय, बाई माणसाला कशाला असं तोंडावर म्हणणारे दोघं बसलेत तिथे. आणि तू हे घेऊन येतेस, तेही तीन दिवस आधी."

"मला काल कळलं."

"कळून घ्यायला कोणी सांगितलं होतं?" ते ओरडले. आतून भांड्याचा आवाज आला. मग शांतपणे म्हणाले, "नाही. तेच तर सांगत होतो वर्षभर. आता ओरडतोय." त्यांनी काय करावं ते मला सांगितलं नाही. निघताना फक्त म्हणाले, "दहा वाजता आहे बैठक. वेळेवर ये."

तेराव्याला इमारतीतले सगळे जेवले. पंगतीत बाबुराव कोणाला तरी सांगत होते, काकांची मुलगी साहेब होणार आहे. विमलाबाई वाढत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेल्या.

सोमवारी मी सगळ्या फिल्म बरोबर नेल्या. जिन्यात, पाण्याच्या माठापाशी, बायकांच्या बाथरूममध्ये त्या काढून पाहिल्या. आलेखाची हिरवी रेघ अगदी सरळ होती. सहा महिने सरळ. खरं तर तेव्हाच कोणाला तरी शंका यायला हवी होती. डोंबिवलीत सहा महिने सरळ चालतं असं काय आहे?

कारखानीसची मांडणी आधी झाली. आरती वाजली, दोघातिघांनी हात जोडले, सगळे हसले. मग मी उठले. प्रोजेक्टरचा दिवा लावला. पहिली फिल्म ठेवली, हिरव्या रेघेची.

"ही आमच्या चाचणीची नोंद," मी म्हटलं. "ही खोटी आहे."

आणि सांगितलं. पाठ केलेलं काहीच वापरलं नाही. टोप्या एका ताटात घालून फिरवल्या. पाण्यातलं लोखंड, पाकळी, गाळलेल्या पाण्याची माझी चूक. मग घंट्या कोण वाजवत होतं ते. तिथे माझा आवाज स्थिर राहिला, याचं मला नंतर नवल वाटलं.

धाकटे शेठ खुर्चीत मागे रेलले. "मंदाकिनीबेन," ते म्हणाले, "तुमच्या फादरला आपण पगार द्यायला पाहिजे होता."

हसले सगळे. फक्त कारखानीस हसला नाही. तो ताटातली एक टोपी घेऊन खिडकीच्या उजेडात बघत होता.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?" शेठनी विचारलं.

"इमारतीतल्या एका बाईंना. माझ्या नवऱ्याला. गुप्तेसाहेबांना."

गुप्तेसाहेब म्हणाले, "हो. मला सांगितलं होतं तिने."

"म्हणजे बाहेर कोणालाच नाही. आपण दिवाळीला जाहिरात काढणार होतो." शेठचा आवाज रागाचा नव्हता, खरोखर कोड्यात पडलेल्या माणसाचा होता. "मग सांगितलं कशाला?"

"दिवाळीला तुम्ही हजारोंनी विकाल," मी म्हटलं. "मुंब्र्यापासून बदलापूरपर्यंत लोक घमेली उचलतील. आणि प्रत्येक जिन्यात माझे बाबा नाहीत."

समितीतल्या हिशेब खात्याच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि बैठक संपली.

निकाल लगेच लागला नाही. त्या आठवड्यात मी रोज सेलच्या बंद दारावरून जायचे, पाटी वाचायचे, पुढे जायचे. कामात लक्ष नव्हतं. घरी आनंद विचारायचा नाही, म्हणून मी त्याच्यावर खेकसायचे. रविवार आला आणि डोंबिवलीला जायचं कारण उरलं नव्हतं तरी गेले. इमारतीत सगळ्यांच्या नळाखाली पुन्हा घमेली होती. बाबुरावांना विमलाबाईंनी सांगितलं असावं. ते जिन्यात भेटले, नुसतंच माझ्या डोक्यावर हात ठेवून वर गेले.

पुढच्या शुक्रवारी गुप्तेसाहेबांनी बोलावलं. "खुर्ची रिकामी ठेवतायत," ते म्हणाले. "सहा महिने. तोपर्यंत तू प्रभारी. पगार तोच, केबिन नाही. घंटी नव्याने कर, नव्याने चाचणी घे. ती बघून ठरवणार. शेठची एकच अट आहे."

"काय?"

"जिथे तुला कुत्रंसुद्धा ओळखत नाही अशा जागी घ्यायची."

म्हणून मी कल्याण निवडलं. रामबागेत तीन इमारती. पाकळी पितळेची केली, धुण्यासाठी काढता येईल अशी. टोप्या बसवायला दुसराच माणूस पाठवला. नाव सांगायचं नाही, आपण बनवली हे तर नाहीच. कंपनीची बाई, एवढंच. दर आठवड्याला घरोघर जायचे आणि दर आठवड्याला मला तेच ऐकू यायचं. वाजते. छान वाजते. मी ते लिहून घ्यायचे आणि परतताना गाडीत पुन्हा पुन्हा वाचायचे. अनोळखी माणसांनाही कोणाचं मन मोडायचं नसतं, हे त्या अटीत कोणी धरलं नव्हतं.

एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरी गेले. माझ्याच वयाची बाई, जमिनीवर बसून मेथी निवडत होती.

"वाजते ना घंटी?"

"हो हो. अगदी छान. काही तक्रार नाही." तिने मान वर केली नाही. "चहा टाकू?"

"नको. पाणी कधी येतं तुमच्याकडे?"

"आमच्याकडे ना? संध्याकाळचं पाचच्या पुढेमागे. कधी सहासुद्धा वाजतात."

चार वाजायला आले होते. मला अजून पाच घरं करायची होती आणि ठाण्याला पोहोचून अहवाल टाईप करायला द्यायचा होता. मी वही पिशवीत टाकली.

"मग थांबते मी," मी म्हटलं.

"इथे?"

"चालेल ना?"

तिने पाट पुढे सरकवला. मी बसले. ती जुडी मोठी होती. मी मधली थोडी मेथी माझ्याकडे ओढली आणि पानं खुडायला लागले. खाली कोणीतरी गादी झोडपत होतं. तिने एकदा मोरीच्या दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी देठ वेगळे ठेवत होते. घाई असल्यासारखं दिसू नये म्हणून घड्याळ पदराखाली घेतलं.

बऱ्याच वेळाने तिने हातातली पानं ताटात टाकली.

"खरं सांगू का बाई?" ती म्हणाली. "रागावणार नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "सांगा."